गरीब घोडी

आमच्या आमगावात एखादं जनावर ‘गरीब’ आहे असं म्हणतात, तेव्हा विषय पैशाचा नसतो. (पुण्यातल्या मित्रांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं.) गरीब म्हणजे लाथ न मारणारं, शिंग न उगारणारं, कुणीही दावं धरावं आणि चालवत न्यावं असं. बाजारात बैल विकायला आणलेला माणूस छातीठोकपणे सांगतो, "एकदम गरीब आहे जी, लहान पोरगंही धरते." गिऱ्हाईक खूश. बैलाला काय वाटतं हा प्रश्न त्या व्यवहारात येत नाही.

गेले काही शनिवार मी घोड्यांबद्दल वाचत बसलोय. म्हणजे नेमकं सांगायचं तर, घोड्याला धरून, बांधून, जखडून त्याच्यावर उपचार करतात तेव्हा त्याच्या आत काय चालतं याबद्दल. सॉफ्टवेअरवाल्याने हे का वाचावं असं विचाराल, तर सुरुवात एका लग्नापासून झाली आणि गाडी भलतीकडेच जाऊन थांबली. सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नाला गावी गेलो होतो. वरातीसाठी घोडी ठरवली होती. पांढरी, कपाळावर गोंडे, पाठीवर जरीची झूल वगैरे. दुपारीच तिने खाणं सोडलं, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, मान वळवून सारखी स्वतःच्या पोटाकडे बघायची. घोडीवाल्याने लगेच ओळखलं, पोटशूळ. घोड्याच्या बाबतीत हे दुखणं गमतीचं नाही. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येतच नाही. त्यामुळे साधा वाटणारा पोटशूळ जिवावर बेतू शकतो.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर मॅडम आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहानच असतील. तोवर घोडीभोवती हे एवढं कडं जमलं होतं. पोरंटोरं, मोबाइलवर शूटिंग करणारे, सल्ला देणारे, आणि मांडवात डीजेची चाचणी चाललेली. मॅडमनी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला, घड्याळाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. घोडी हलत होती म्हणून घोडीवाल्याने तिचा कान मुठीत धरून पिळला.

"पाहा मॅडम, कशी गप झाली."

"कान सोडा आधी," मॅडम म्हणाल्या. "आणि तो डीजे बंद करायला सांगा कुणीतरी."

मग त्यांनी सगळ्यांना हाकललं. घोडीला आंब्याखाली नेलं आणि घोडीवाल्याच्या मुलाला तिच्या खांद्यापाशी उभं केलं. बारा-तेरा वर्षांचा असेल पोरगा. तो आयाळ संपते तिथे, मानेच्या बुडाशी, नखांनी खाजवत राहिला. दहा मिनिटं कुणी काही केलं नाही. आम्हाला वाटलं, उपचार कधी सुरू होणार? मग मॅडमनी पुन्हा ठोके मोजले. आधी मिनिटाला ६८ होते, आता ४८.

आता यातली मेख मला नंतर कळली. निरोगी घोड्याचे ठोके आरामात मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. पोटशुळात ठोके साठीच्या वर टिकून राहिले, तर प्रकरण गंभीर असण्याची शक्यता वाढते. आतडं पिळवटलं असेल, शस्त्रक्रिया लागेल असे विचार डॉक्टरच्या मनात सुरू होतात. शस्त्रक्रिया म्हणजे दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं. म्हणजे तो पहिला ६८ चा आकडा खरा मानला असता, तर त्या घोडीला दुखत्या पोटाने टेम्पोत चढवून भर उन्हात नागपूरला पाठवावं लागलं असतं. आणि त्या आकड्यातला बराचसा भाग पोटाचा नव्हताच. तो आमचा होता. गर्दीचा, डीजेचा आणि पिळलेल्या कानाचा.

आमच्या धंद्यात याला ‘हायझेनबग’ म्हणतात. प्रोग्रॅममधली अशी चूक, की ती शोधायला तुम्ही डिबगर लावला की तिचं वागणंच बदलतं. घोडा हा चालताबोलता हायझेनबग आहे. त्याला मोजायला धरलं की मोजायची गोष्टच बदलते.

हे फक्त ठोक्यांपुरतं नाही. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. घोडा घाबरला की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात ओतते. पळून जायची वेळ आली तर स्नायूंना जास्त प्राणवायू मिळावा म्हणून केलेली ही सोय. एरवी रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, ते दमछाक किंवा घबराटीत पन्नासच्या पुढे जाऊ शकतं. आता गंमत अशी की अंगातलं पाणी कमी झालं तरी हेच प्रमाण वाढतं. म्हणजे झटापट करून काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट हातात आला तर प्रश्न पडतो, घोडा आजारी आहे की नुसता घाबरलाय?

हे समजून घ्यायला घोडा मुळात काय आहे ते बघावं लागतं. मी बैलांच्या गावातला. लहानपणी दवाखान्याच्या खोड्यात बैल घालून लाळ-खुरकुताची लस टोचताना बघितलंय, दोरांनी पाडून नाल ठोकतानाही बघितलंय. बैल फुसफुसतो, अंग टाकतो, अडून बसतो. घोड्याचा हिशेब वेगळा. त्याला ना शिंगं, ना शिकारी जनावरासारखे सुळे. लाखो वर्षं तो एकाच उपायावर जगला : आधी पळायचं, मग विचार करायचा. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे दिसत नाही. (आणि आपण फोटो काढायला नेमके समोर जातो आणि वरातीत नाचायला नेमके मागे!) अशा प्राण्याला दोरांनी बांधणं म्हणजे त्याचा एकमेव उपाय काढून घेणं. आपल्याकडे पागेत घोड्याला बांधायच्या दोरांना ‘अगाडी-पिछाडी’ म्हणतात. पुढे जायचा रस्ता बंद, मागेही बंद.

मग आत दोन गोष्टी होतात. पहिली लगेच, काही सेकंदांत. अॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, नाकपुड्या फुलतात, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, घाम फुटतो, लीद पडते. दुसरी जरा सावकाश. मेंदूकडून मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रेनल ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिसोल वाढायला लागतं. त्याचा जोर पंधरा-वीस मिनिटांनंतर दिसतो. म्हणजे इंजेक्शन टोचून झालं, डॉक्टर बॅग भरून निघाले, तरी घोड्याच्या अंगात ती घटना संपलेली नसते. आणि एक तिसरी गोष्ट असते ती आठवण. घोडे अशा गोष्टी विसरत नाहीत. पुढच्या वेळी नुसता डॉक्टरांच्या औषधाचा वास आला तरी पहिला टप्पा सुरू होतो.

इथवर वाचून वाटेल, ठीक आहे, म्हणजे घोडा उधळला तर घाबरलाय आणि गप उभा राहिला तर बरा आहे. मलाही हेच वाटलं असतं. पण वाचताना एक अभ्यास सापडला आणि मी तिथेच अडलो. २०१३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी घोड्यांचे केस मशिनने कापण्यासारख्या साध्या कामाचा अभ्यास केला. त्यात दोन गट होते. एक, मशिनचा आवाज आला की उड्या मारणारे ‘खट्याळ’ घोडे. दुसरे, मुकाट उभे राहणारे ‘शहाणे’ घोडे. वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक. मग त्यांनी हृदयाचे ठोके, लाळेतलं कॉर्टिसोल, डोळ्याचं तापमान असं सगळं मोजलं. दोन्ही गटांच्या आत चाललेल्या ताणात फरक सापडला नाही.

म्हणजे शहाणा घोडाही तितकाच ताणात होता. फक्त त्याने सांगायचं सोडलं होतं.

आमच्या ऑफिसात सर्व्हरचे अलर्ट रात्री फार वाजायला लागले की कुणीतरी ते म्यूट करतं. फोन शांत, झोप शांत. सर्व्हरची अवस्था मात्र तीच असते. घोड्याला गप करायच्या बऱ्याच रीती याच जातीच्या आहेत. पण सगळ्या नाहीत, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

एक जुनी, जगभर चालणारी पद्धत आहे. घोड्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून तो काठीने पिळायचा. घोडा जागच्या जागी थिजतो, डोळे अर्धवट मिटतो. बघायला भयंकर वाटतं. १९८४ साली हॉलंडमधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं की यात घोड्याच्या रक्तात एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक, वाढतं. २०१७ च्या एका अभ्यासात ओठाचा फास आणि कानाचा पीळ यांची तुलना झाली. ओठाला फास घातल्यावर पहिली पाच मिनिटं ठोके कमी झाले. त्यानंतर मात्र चित्र उलटायला लागलं. कान पिळल्यावर ठोके लगेच वाढले, कॉर्टिसोल वाढलं, आणि नंतर ते घोडे डोक्याजवळ हातही लावू देईनात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही घोडे सारखेच ‘गप’. आतून एक थोडा वेळ खरंच सैलावलेला, दुसरा भीतीने गोठलेला.

आणि त्या पोराचं खाजवणं? तेही उगाच नव्हतं. घोडे कळपात एकमेकांना नेमकं तिथेच, मानेच्या बुडाशी, दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या १९९३ च्या एका अभ्यासात माणसाने त्या जागी खाजवलं की घोड्याचे ठोके कमी होतात असं दिसलं होतं. मॅडमनी तो अभ्यास वाचला होता का, माहीत नाही. पोराने तर नक्कीच नव्हता. पण त्याला घोडी माहीत होती. नाकातून नळी घालून पोट मोकळं करेपर्यंत तो तिथून हलला नाही, आणि घोडीनेही एकदोनदा मान झटकली तेवढंच. (घोडी बरी झाली. भाऊ गाडीतून लग्नाला गेला. फोटोंचं वाईट वाटलं त्याला, पण असो.)

तर मंडळी, इथपर्यंत हा सगळा आमगावच्या मांडवातला किस्सा. पण हे वाचता वाचता मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मग विषय लग्नाच्या घोडीपुरता राहिला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या काकांना साप चावला. रोवणी आटोपली होती, बांधीत पाणी कसं आहे ते बघायला संध्याकाळी धुऱ्यावरून चालले होते. घोणस. आमच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात ही बातमी नवी नसते. दवाखान्यात त्यांचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवलं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष हेच करतं. दहा व्हायल प्रतिविष सलाईनमधून गेलं. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, अॅड्रेनालिन द्यावं लागलं. सहा तासांनी पुन्हा तीच तपासणी, रक्त अजून पातळ, पुन्हा दहा व्हायल. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत रक्त गोठलं, तेव्हा काकू पहिल्यांदा चहा प्यायली.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, अंगाला खाज का सुटली? ते म्हणाले, "घोड्याचं असतं ना ते. शरीराला परकं वाटतं."

तेव्हा हे वाक्य डोक्यावरून गेलं होतं. पण ते शब्दशः खरं आहे. भारतात मिळणारं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या, सोसेल अशा मात्रेत घोड्याला टोचतात. आठवड्यांमागून आठवडे मात्रा वाढवत नेतात. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग मानेच्या शिरेतून रक्त काढतात, त्यातला द्रव वेगळा करून पेप्सिनने शुद्ध करतात, आणि त्याची पांढरी पूड त्या छोट्या व्हायलमध्ये येते. तत्त्व जुनंच आहे. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेत यांनी पहिलं प्रतिविष केलं, त्यावरच आजही काम चालतं. आपल्या महाराष्ट्रात हाफकिनच्या पिंपरी केंद्राने हे काम वर्षानुवर्षं केलंय. मी कित्येक वर्षं कंपनीच्या बसने पिंपरीवरून जायचो. रस्त्याच्या आसपास कुठेतरी असे घोडे उभे आहेत हे गावीही नव्हतं.

आता आकडे जोडून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे एका वेळी घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १३ ते १५ मिली रक्त काढता येतं. म्हणजे चारशे किलोच्या घोड्याचं पाच-सहा लिटर. तांबड्या पेशी त्याला परत देण्याची शिफारस आहे. हे एकदाच नाही, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा. दर वेळी खोड्यात उभं राहणं, दर वेळी मानेत जाड सुई. लग्नाच्या घोडीला आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी जे सोसावं लागलं, ते या घोड्यांचं रोजचं कामच आहे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. माझे काका या आकड्यात नाहीत, याचं कारण कुठलेतरी अनोळखी घोडे. त्यामुळे ‘हे बंदच करा’ असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि तसं म्हणणाऱ्याला मी आधी पावसाळ्यात रात्री आठ वाजता बांधीच्या धुऱ्यावर उभं करीन.

प्रयोगशाळेत प्रतिपिंडं बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२४ च्या सुरुवातीला बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर असं एक कृत्रिम प्रतिपिंड जाहीर केलं, जे नाग-मण्यार कुळातल्या सापांच्या एका प्रकारच्या घातक विषावर उंदरांमध्ये चाललं. घोडा नाही, खोडा नाही. पण घोणशीचं विष वेगळं, आणि उंदरापासून आमगावच्या दवाखान्यातल्या फ्रिजपर्यंतचं अंतर फार मोठं आहे. तोवर घोडे लागणारच.

मग लागणारच असतील, तर प्रश्न उरतो तो कसे लागणार एवढाच. इथे मला त्या मॅडमची दहा मिनिटं महत्त्वाची वाटतात. कारण त्यांनी जे केलं त्याला पैसे लागले नाहीत. घोड्याला आधी रिकाम्या खोड्याची सवय करायची, आत गेल्यावर दर वेळी सुईच येईल असं नाही, कधी नुसता चारा मिळेल, हे शिकवायचं. दर वेळी तोच ओळखीचा माणूस. बरोबर दुसरा घोडा, कारण एकटा घोडा जास्त घाबरतो. खांद्याच्या बाजूने जायचं, सावकाश. सुई घालायची तिथे त्वचा आधी बधिर करायची. आणि मुख्य म्हणजे ‘हलला नाही’ एवढी नोंद न करता ठोके, कान, डोळे, नाकपुड्या यांचीही नोंद ठेवायची. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायचं मोजमाप २०१४ पासून उपलब्ध आहे : मागे वळलेले कान, आवळलेल्या पापण्या, ताठर जबडा. शिकायला अवघड नाही. यात औषधाचाही फायदाच आहे, कारण दीर्घकाळ वाढलेलं कॉर्टिसोल प्रतिकारशक्ती दाबतं, आणि इथे तर घोड्याची प्रतिकारशक्ती हाच कच्चा माल आहे.

पण खरं सांगू? फायद्याचा हा मुद्दा नसता तरी चाललं असतं. काकांच्या अंगात त्या रात्री वीस व्हायल गेल्या. प्रत्येकीच्या मागे कुठलातरी घोडा खोड्यात उभा राहिला होता. बहुधा मुकाट. त्याच्या कार्डावर बहुधा ‘गरीब’ अशा अर्थाचंच काहीतरी लिहिलं असेल. तो आतून कसा होता हे त्या दिवशी कुणी बघितलं होतं का, एवढं मला कळायला हवं आहे.

असो. पावसाळा तोंडावर आहे. गावी जाणार असाल तर रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नका, जमिनीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, आणि कुणाला साप चावलाच तर मांत्रिकाकडे, कापाकापीत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. तिथे घोड्याने आपलं काम आधीच करून ठेवलेलं आहे.